पाणवठ्यावरचं लपण

दोस्तांनो, महाशिवरात्रीची व्याधाची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेलच. श्रीधरकवींच्या १७१८ सालच्या ‘शिवलीलामृता’तही ती आहे. धनुष्यबाण घेतलेला व्याध तळ्याकाठच्या बेलावर दबा धरून बसतो. समोरचं दिसावं म्हणून पानं तोडून खाली टाकत राहतो. मग पाण्यावर हरिणी येते.

पुण्याचं राहू द्या, शिकारी म्हणून व्याध पक्का होता! हरणामागं धावला असता, तर काय हाती लागलं असतं? आपलं काळवीट ताशी ८० किलोमीटर वेगानं पळू शकतं. त्यात उघड्या माळावर माणूस त्याला फार लांबून दिसतो. साध्या धनुष्यानं नेम धरायचा तर पंधरा-वीस मीटरवर यायला हवं. हरणानं आपण होऊन इतकं जवळ यावं, अशी जागा एकच. पाणी!

तरी नेम चुकतोच. का, ते गणितानं पाहू. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, साधा बाण धरा ५० मीटर. म्हणजे वीस मीटरवर बाण पोचायला ०.४ सेकंद, पण दोरीचा ‘टण्ण’ आवाज त्याआधीच हरणाच्या कानात! तेवढ्यात ते दबकतं, उडी घेतं.

आपल्या अकोला-वाशिमकडचे फासेपारधी बाणाच्या भानगडीत फारसे पडतच नसत. शिकवलेल्या गाईबैलाच्या आडून ते हरणाजवळ सरकत आणि त्याच्या वाटेवर फासे मांडत. कळप कुठून येतो, कुठं थबकतो, सगळं त्यांना तोंडपाठ. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं काळविटाच्या शिकारीला बंदी आली. आता त्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. कायदा हवाच होता. पण ज्यांचं पोटच शिकारीवर होतं, त्यांनी उद्यापासून काय खायचं, हे कायद्यात कुठंच नव्हतं. अलीकडं ‘संवेदना’ ही संस्था याच भागात पारध्यांबरोबर गवताळ माळ राखायचं काम करते. त्यांची माळाची जाण अशी कामी येते, हे मला फार आवडलं.

वाशिम जिल्ह्यात कारंजाजवळ सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. सन २००० मध्ये झालेलं, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. लपण आजही लागतं, पण प्राणी बघायला, मोजायला. बुद्धपौर्णिमेला वनखातं कितीतरी जंगलांत पाणवठ्याजवळ मचाणावर माणसं बसवतं. काळवीट मात्र मुख्यतः दिवसा हिंडणारं, त्याच्यासाठी पहाट आणि उतरतं ऊन बरं.

कधी वनखात्याच्या माणसाबरोबर बसायला मिळालं, तर आधी चिमूटभर माती उडवून बघा. वारा पाण्याकडून तुमच्याकडं यायला हवा. कपडे मातकट घाला. चिवड्याची पुडी घरीच ठेवा, तिची कुरकुर व्याधाच्या पानांहून वाईट! आणि अगदी काठाशी बसू नका, दुर्बीण न्या.

कळप लांबच उभा राहून माना उंचावत असेल, पुढं येतच नसेल, तर तुमचा सुगावा लागला समजा. बरोबरच्या माणसाला खूण करा आणि निमूट मागं सरका. तुमच्या घरी माठ आहे. भर मे महिन्यात त्यांना दुसरा पाणवठा कोसभर लांबही असू शकतो.