कपाटातलं लायसन्स

गेल्या फेब्रुवारीत मी लेकीकडे म्युनिकला गेले होते. हिवाळ्यात तिकडची मंडळी बर्फावर स्कीइंग करायला डोंगरात जातात. लेक-जावईही निघाले, सीमेपलीकडे ऑस्ट्रियात, टायरोलमधल्या सेंट योहान गावाजवळ. त्यांची स्वतःची गाडी नाही. शहरात मेट्रो आणि ट्राम असताना ती लागतच नाही. म्हणून चार दिवसांसाठी भाड्याने घेतली. सवयीप्रमाणे मी पुढचं डावं दार उघडून बसायला गेले, तर समोर स्टिअरिंग! तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, हे विसरलेच होते. लेक हसून म्हणाली, "काय आई, चालवतेस का?" मी घाईघाईने पलीकडे गेले. सगळे हसले, मीही हसले. पण मनात काहीतरी टोचलं.

कारण लायसन्स माझ्याकडे 2003 पासून आहे. कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. त्याचं नूतनीकरण तेवढं मी नेमाने केलं.

गाडी चालवणार होती लेक. बुकिंग तिचं, क्रेडिट कार्ड तिचं. तरी काउंटरवरचा माणूस कागद सरकवत होता जावयांकडे! म्हणजे हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. जावयांनी शांतपणे ते तिच्यापुढे केले आणि तिने एकेक ओळ वाचली. गाडी ऑस्ट्रियात न्यायची परवानगी लिहिली आहे का? दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घालायचे किती पैसे? विमा असूनही नुकसान झालंच तर आपल्या खिशातून किती जाणार? मग बाहेर येऊन तिने गाडीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला आणि खाली वाकून टायर पाहिले. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह हवं. ते हिवाळी टायर. त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं, म्हणून पकड मिळते. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल, तर ते सक्तीचेच असतात.

मला वाटलं, पोरगी भलतीच धीट झाली. तसं म्हटलंही. तर ती म्हणाली, "कसली धीट? आई, मला बर्फात चालवायची जाम भीती वाटते. म्हणून तर एवढं बघतेय."

आदल्या संध्याकाळी ती बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये चाकांना साखळ्या बांधायचा सराव करत होती. गाडीची पुढची चाकं ओढणारी, म्हणून साखळ्या पुढे. पहिल्यांदा अर्धा तास लागला, दुसऱ्यांदा पंधरा मिनिटं. "अंधारात, बोटं गारठलेली असताना पहिल्यांदा शिकायचं नसतं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आमच्या मुक्कामाच्या घराकडे चढणाऱ्या रस्त्यावर निळी गोल पाटी दिसली, तिच्यावर साखळी घातलेलं चाक. म्हणजे इथून पुढे साखळ्यांशिवाय जायचं नाही. ती उतरली, मोजे चढवले, साखळ्या बांधल्या आणि गोगलगायीसारखी वर गेली. जावई बॅटरी धरून उभे होते. ते बर्फात चालवत नाहीत. "मला जमत नाही" असं सरळ सांगतात, आणि त्यांना कुणी हसत नाही.

परतताना उतारावर तिने गिअर खाली टाकला आणि ब्रेकवर पाय अगदी हलका ठेवला. मी चटकन म्हणाले, "ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा!" ती चकित झाली. "तुला कसं माहीत?" अगं, मला सगळं माहीत आहे. वीस वर्षं कुंभार्ली घाट शेजारच्या सीटवरून बघत आलेय मी.

माझं सासर कऱ्हाड आणि माहेर चिपळूण. मध्ये हा घाट. लायसन्स मिळालं तेव्हा सगळे म्हणाले, "गावात चालव, घाटात नको. तू घाबरतेस." घाबरत होते, हे खरंच होतं. आई आजारी पडली तेव्हा हे म्हणायचे, "एसटीने कशाला धक्के खातेस? रविवारी मी नेतो ना." प्रेमानेच म्हणायचे. पण कुठल्या रविवारी पाहुणे, कुठल्या रविवारी लग्न. शेवटच्या सहा महिन्यांत मी आईकडे चारदा गेले. गाडी दारात होती, लायसन्स कपाटात होतं.

दोष ह्यांना देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण मैत्रिणींनो, हट्ट मीही धरला नाही. "भीती वाटते" हे मी गाडी न चालवण्याचं कारण मानलं. माझ्या लेकीने ते सराव करण्याचं कारण मानलं. भीती दोघींचीही खरीच होती.

आपल्याला वाटतं, गाडी चालवायला धाडस लागतं. मी जे पाहिलं ते धाडस नव्हतं, तयारी होती. आणि तयारीत आपला हात कोण धरणार? लोणच्याची बरणी उन्हात कोरडी करून घेणाऱ्या, प्रवासात सुईदोऱ्यापासून ओव्यापर्यंत सगळं बरोबर ठेवणाऱ्या आपणच ना! मुलींना आपण स्कूटी हौसेने देतो. पण घरात चारचाकी आली, की किल्ली आपोआप मुलाच्या हातात जाते. हे आपोआप होत नाही. आपण होऊ देतो.

परत आल्यावर मी पंधरा दिवस रोज पहाटे गाडी काढली. हे शेजारी बसले, गप्प बसायच्या अटीवर. आधी पाटणपर्यंत, मग कोयनानगर, आणि एका बुधवारी घाट. मुद्दामच बुधवार निवडला. उतारावर गिअर खाली, ब्रेकवर पाय हलका. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. चिपळूणला वहिनी दारात आली आणि गाडीत मागे बघत म्हणाली, "ताई, कोणाबरोबर आलात?"

"ह्यांना घेऊन आले," मी म्हटलं.

आई बघायला हवी होती, असं वाटल्यावाचून राहिलं नाही. तुमची आई अजून असेल, तर आज कपाट उघडा.