सूर्यास्ताचें छायाचित्र

हल्लीं बहुतेक घरीं मोबाईल आहे व मोबाईलमध्यें कॅमेरा आहे. त्यामुळें छायाचित्र काढणें ही पूर्वीसारखी खर्चाची कला राहिलेली नाहीं. ही गोष्ट आम्हांस आनंदाचीच वाटते. परंतु जें सहज हातीं येतें त्याचें मोल मनुष्यास उशिरां कळतें. म्हणून विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

कोपर स्टेशनापासून खाडीच्या बाजूस चालत गेलें म्हणजे उल्हास नदीचें संथ पाणी, कांठची तिवरें आणि पश्चिमेकडे पारसिकच्या डोंगरांची रांग दिसूं लागते. सायंकाळीं तेथील आकाश तांबडें होतें, याचें कारण आमच्या वरच्या वर्गांतील मुलें सांगूं शकतील. सूर्य क्षितिजाजवळ आला म्हणजे त्याच्या किरणांस वातावरणांतून लांबची वाट चालावी लागते. वाटेंत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा-नारिंगी तेवढा आपणांपर्यंत पोंचतो. सन १८८३ मध्यें क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हां आकाशांत उंच गेलेल्या कणांमुळें दूरदूरच्या देशांतील लोकांनीं कित्येक महिने विलक्षण रक्तवर्ण सूर्यास्त पाहिले.

सन १८५४ मध्यें ठाण्याची आगगाडी कल्याणास पोंचली. त्याच वर्षीं मुंबईंत छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. त्या काळीं कांचेवर रसायन चढवून, तें ओलें आहे तोंच चित्र घ्यावें लागे. एका चित्रासाठीं इतके श्रम पडत, कीं काय टिपावयाचें याचा विचार आधींच करणें भाग असे. आज आपण आधीं टिपतों, आणि विचार बहुधा करीतच नाहीं. हा दोष केवळ मुलांचाच आहे असें कोणी समजूं नये.

एका हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन खाडीकडे गेलों होतों. सूर्य टेकला असतां बांधावरून एक वृद्ध बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. तांबड्या आकाशापुढें तिची काळी आकृति फारच शोभून दिसली. पण आमचा कॅमेरा तयार नव्हता. तेव्हां आम्हीं म्हटलें, “आजी, जरा मागें जाऊन पुन्हां एकदां चालत याल का?” ती मुकाट्यानें मागें गेली व पुन्हां आली. चित्र उत्तम निघालें. मग ती म्हणाली, “मास्तर, भारा जड हाय. झालं असंल तर जाऊं का मी घरां?” मुलें गप्प झालीं. आम्हांसही बोलावयास कांहीं सुचलें नाहीं.

तें चित्र शाळेच्या भिंतीवर लागलें. खालीं आम्हीं ‘एक सायंकाळ’ असें लिहिलें. बाईचें नांव विचारलेंच नव्हतें. पुढें दोन मुलींनीं शोध करून एक प्रत तिला नेऊन दिली. तिनें चित्रांतल्या सूर्याकडे पाहिलें नाहीं, स्वतःकडेही पाहिलें नाहीं. बांधावर बोट ठेवून ती एवढेंच म्हणाली, “हा बांध आमचा व्हता.” मधल्या काळांत ती जमीन विकली गेली होती.

त्या दिवशीं आम्हांस समजलें, कीं ज्यास आपण देखावा म्हणतों तें कोणाचें तरी शेत असतें, आणि ज्यास आपण सूर्यास्त म्हणतों तो कोणाच्या तरी कष्टाच्या दिवसाचा शेवट असतो. आमच्या भागांत शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहत आहेत. अशा वेळीं साधें छायाचित्रही पुढच्या पिढीस साक्षीदारासारखें उपयोगीं पडेल. पण साक्षीदार खरा असावा लागतो. त्यावर तारीख, गांव व संमतीनें माणसाचें नांव लिहिलेलें असावें. वाहवा मिळावी म्हणून मागाहून रंग भडक करणें ही साक्ष फिरविण्यासारखीच गोष्ट आहे.

पालकांस एक सूचना करावीशी वाटते. चित्राच्या नादांत मुलें रेल्वेच्या रुळांवर उभीं राहतात; तें १९८९ च्या रेल्वे कायद्यानें गुन्हा आहे, आणि प्राणावर बेतणारें आहे. कोणताही सूर्यास्त तेवढ्या मोलाचा नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, चित्रें अवश्य काढा. परंतु आधीं थोडा वेळ मोबाईल खिशांत ठेवून नुसतें पाहा. समोर कोणी कष्टाचें माणूस असेल तर त्यास नांव विचारा, आणि त्याच्या डोक्यावर भारा असेल तर त्यास थांबवूं नका. आम्हीं थांबविलें होतें, म्हणून सांगतों.