भाषा आणि व्यवहार : इंग्रजीतील भविष्यकाळ



मागील लेखांकांत आपण इंग्रजीतील वर्तमानकाळ व भूतकाळ यांचा विचार केला. या वेळी भविष्यकाळाकडे वळू. शालेय पुस्तकात हा विषय बहुधा एका ओळीत संपतो : क्रियापदापूर्वी 'विल' लावावे, की झाला भविष्यकाळ. घरातील मुले ही ओळ पाठ करतात आणि पुढे पेढीवर बसू लागली की तिच्याच आधाराने परप्रांतीच्या व परदेशीच्या ग्राहकांशी पत्रव्यवहार करतात. व्यापारात मात्र भविष्यकाळ म्हणजे दिलेला शब्द. माल केव्हा निघेल, भरणा केव्हा होईल, भाव किती दिवस कायम राहील, ही सारी भविष्यकाळाचीच वाक्ये. आपल्या बाजारभाषेत 'वायदा' हा एकच शब्द वचन आणि मुदत या दोन्ही अर्थांनी चालतो, आणि इंग्रज ज्याला 'फ्युचर्स' म्हणतो त्यास आपण वायदेबाजार म्हणतो. तेव्हा हा विषय केवळ परीक्षेच्या गुणांपुरता नाही.

प्रथम रचना पाहू. मराठीत क्रियापदाचे रूपच बदलते : मी पाठवीन, तू पाठवशील, तो पाठवील. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचे स्वतंत्र रूपच नाही. 'सेंड' हे वर्तमानाचे, 'सेंट' हे भूताचे. तिसरे रूप नाही. म्हणून इंग्रजीला साहाय्यक शब्द शोधावे लागले. त्यांतील दोन जुने शब्द म्हणजे 'विल' आणि 'शॅल'. 'विल' याचा मूळ अर्थ इच्छा असणे, आणि 'शॅल' याचा मूळ अर्थ देणे लागणे. कर्ज या अर्थाचा जर्मन भाषेतील 'शुल्ड' हा शब्द याच कुळातला. एकात मनाचा निश्चय, तर दुसऱ्यात डोक्यावरचे ऋण.

इ. स. 1653 मध्ये जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने लॅटिन भाषेत इंग्रजीचे व्याकरण लिहिले. साधे भविष्य सांगताना प्रथम पुरुषी 'शॅल' व इतरत्र 'विल', आणि वचन अथवा धमकी असेल तेथे याच्या उलट, असा नियम त्याने मांडला. आजच्या बोलण्यात हा नियम फारसा उरलेला नाही. 'शॅल' आता मुख्यत्वे दोन ठिकाणी भेटतो. एक, विचारणा करताना : 'शॅल आय पॅक इट?' म्हणजे 'बांधून देऊ का?' दुसरे, करारपत्रात व कायद्यात. तेथे तो बंधन दर्शवितो. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत चुकते करावेत आणि लेखी करारातली ती मुदत 45 दिवसांहून अधिक नसावी, असे 2006 च्या कायद्याचे कलम 15 सांगते. तेथील इंग्रजी शब्द 'शॅल' हाच आहे. करारात तो दिसला की ती सूचना नव्हे, कर्तव्य होय, हे ओळखावे.

आता रोजच्या वापरातले चार प्रकार. कोणते रूप निवडावे हे त्या भविष्याला आधार कशाचा आहे यावरून ठरते.

पहिला आधार, या क्षणी केलेला निश्चय किंवा दिलेले वचन. ग्राहक दूरध्वनीवर विचारतो, 'निळे थान शिल्लक आहे का?' आपण म्हणतो, 'थांबा, पाहतो.' मराठीत येथे वर्तमानकाळ शोभतो. त्याचे शब्दशः 'आय सी' असे करू नये. 'आय विल चेक' हेच योग्य. 'उद्या पाठवतो', 'सांगतो', 'कळवतो' या सर्वांना 'विल' हवा.

दुसरा आधार, आधीच ठरलेला बेत किंवा समोर दिसणारे चिन्ह. येथे 'गोइंग टू'. मराठीतील '-णार आहे' हे रूप त्याच्या अगदी जवळचे. 'आम्ही पुण्यात दुसरी शाखा काढणार आहोत' म्हणजे 'वी आर गोइंग टू ओपन अ सेकंड ब्रँच इन पुणे'. आभाळ भरून आले असेल तर 'इट इज गोइंग टू रेन'.

तिसरा आधार, दुसऱ्याशी झालेली ठरवाठरवी. येथे चालू वर्तमानकाळ येतो : 'वी आर मीटिंग द ट्रान्सपोर्टर टुमॉरो'. वेळ ठरली आहे, समोरच्यास ठाऊक आहे.

चौथा आधार, वेळापत्रक. येथे साधा वर्तमानकाळ : 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन'. गाडी आपल्या इच्छेने सुटत नाही, म्हणून 'विल'ची गरज नाही.

यावरून एक व्यावहारिक बोध घ्यावा. 'वी विल पे ऑन फ्रायडे' असे लिहिले की वाचणारा ते वचन समजतो. 'वी आर गोइंग टू पे' यात तो आपला बेत वाचतो. शब्द देण्याची तयारी नसेल तर 'विल' लिहू नये. 'वी होप टू पे' असे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही.

आता आपल्याकडे नेहमी होणाऱ्या तीन चुका.

पहिली चूक 'वुड'ची. अधिक नम्र वाटावे म्हणून अनेक जण 'वी वुड सेंड द गुड्स बाय फ्रायडे' असे लिहितात. भारतात हे खपून जाते. परंतु लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा ग्राहक त्याचा अर्थ 'पाठवला असता' किंवा 'पाठवू, पण एका अटीवर' असा घेतो आणि अट कोणती ते शोधू लागतो. पक्का वायदा असेल तेथे 'विल'च लिहावे. नम्रता 'प्लीज' आणि 'थँक यू' यांनी दाखवता येते.

दुसरी चूक 'पर्यंत' या शब्दामुळे होते. 'सोमवारपर्यंत पैसे देऊ' आणि 'सोमवारपर्यंत दुकान बंद राहील' या दोन्ही ठिकाणी मराठीत एकच शब्द आहे. इंग्रजीत पहिल्यास 'बाय मंडे' व दुसऱ्यास 'टिल मंडे' लागते. मुदतीच्या आत एखादे काम एकदा पुरे व्हायचे असेल तर 'बाय'. तोवर स्थिती तशीच राहणार असेल तर 'टिल'. त्या मुदतीस काम पूर्ण झालेले असेल असे सांगायचे तर 'बाय दिवाळी वी विल हॅव क्लिअर्ड द अकाउंट', म्हणजे 'दिवाळीपर्यंत आमचा हिशेब चुकता झालेला असेल'.

तिसरी चूक 'इफ' आणि 'व्हेन' यांच्या वाक्यांतील. 'माल आला की पैसे देऊ' असे आपण म्हणतो. येथे मराठीही पहिल्या भागात भविष्यकाळ वापरत नाही, 'आला' म्हणते. इंग्रजीत तेथे वर्तमानकाळ येतो : 'व्हेन द गुड्स अराइव्ह, वी विल पे'. 'व्हेन द गुड्स विल अराइव्ह' हे अशुद्ध होय. अट वर्तमानात ठेवावी, वचन 'विल'ने द्यावे.

शेवटी आपल्या खिशातले उदाहरण. दहा रुपयांची नोट काढून पाहा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकास रक्कम देण्याचे वचन देतात, आणि इंग्रजी शब्द आहेत 'आय प्रॉमिस टू पे'. त्यात 'विल' नाही, 'शॅल'ही नाही. रक्कम पुढे द्यायची आहे, पण वचन आज, वर्तमानकाळात दिले आहे. नोटेचे मोल त्या वचनावर, आणि पेढीची पत पेढीच्या वचनावर.

या महिन्यात घरातील मुलामुलींना एक अभ्यास द्यावा. पेढीवरून बाहेर गेलेली पाच इंग्रजी पत्रे त्यांच्यासमोर ठेवावीत. प्रत्येक भविष्यकाळी वाक्याखाली रेघ ओढून ते वचन, बेत, ठराव की वेळापत्रक, हे त्यांनी समासात लिहावे. जेथे वचन आहे तेथे तारीखही आहे ना, हे वडीलधाऱ्यांनी तपासावे.

पुढील लेखांकात अटींच्या वाक्यांचा अधिक विस्ताराने विचार करू.