विश्लेषण : चिचुंद्री आणि साप… दोघांकडे विष आले कुठून?

विष म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो साप. मात्र काही सस्तन प्राणीही विषारी आहेत. सस्तन आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वाटा सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तरीही दोन्हीकडे विष तयार झाले, तेही स्वतंत्रपणे. हे कसे घडले आणि सर्पदंशाच्या उपचारांशी त्याचा काय संबंध आहे, याविषयी…

कोणते सस्तन प्राणी विषारी?

उत्तर अमेरिकेतील आखूड शेपटीची चिचुंद्री लाळेतील विषाने भक्ष्याला लुळे पाडते. क्युबा आणि हिस्पॅनिओला बेटांवरील सोलेनोडॉन हा प्राणी खालच्या दातातील खाचेतून विष सोडतो. ऑस्ट्रेलियातील नर प्लॅटिपसच्या मागच्या पायावर विषारी काटा असतो. त्याच्या दंशाच्या तीव्र वेदना मॉर्फिननेही सहज शमत नाहीत. आपल्या घरांत दिसणारी चिचुंद्री अमेरिकेतील त्या चिचुंद्रीच्याच कुळातील आहे, पण कुळ एक म्हणून प्रत्येक प्रजाती विषारी ठरत नाही.

विष नव्याने तयार झाले का?

नाही. शरीरात आधीपासून असलेल्या साध्या प्रथिनांनाच नवे काम मिळाले. ‘कॅलिक्रीन’ हे त्याचे उत्तम उदाहरण. हे प्रथिन माणसाच्या लाळेतही असते. रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब कमी करणारा घटक मोकळा करणे, हे त्याचे एक काम. मर्यादित प्रमाणात ते उपयुक्त ठरते. पण त्याचेच बदललेले रूप मोठ्या मात्रेत भक्ष्याच्या शरीरात गेले, तर जीवघेणे ठरू शकते.

चिचुंद्री आणि मेक्सिकोतील हेलोडर्मा या विषारी सरड्याच्या प्रथिनांची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांतही प्रथिनाच्या काम करणाऱ्या भागाजवळ सारख्याच प्रकारचे बदल झालेले आढळले. दोन प्रवाशांनी न ठरवता एकाच वाटेने जावे, तसे हे झाले. सोलेनोडॉननेही चिचुंद्रीपासून वेगळ्याने हीच वाट धरल्याचे २०१९ च्या अभ्यासात दिसले. प्लॅटिपसच्या विषात मात्र जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांपासून बनलेले घटक आहेत. काही सापांच्या विषातही अशाच प्रथिनांपासून बनलेले घटक सापडतात.

मग माणूसही विषारी होऊ शकतो का?

जपानमधील ओकिनावा येथील विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचे अग्नीश बरुआ आणि अलेक्झांडर मिखेयेव यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तैवानमधील हाबू या सापाच्या विषग्रंथीत विषासोबत काम करणारी सुमारे ३ हजार जनुके त्यांनी तपासली. यातील बरीच जनुके विष बनवत नाहीत. मोठ्या प्रमाणात प्रथिने तयार होताना पेशीवर पडणारा ताण ती सांभाळतात. हीच यंत्रणा सस्तन प्राण्यांच्या लाळग्रंथीतही आढळली. थोडक्यात, कारखाना दोन्हीकडे आहे. फरक आहे तो मालाचा. पण कारखाना आहे म्हणून विष बनतेच असे नाही. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या विषाचा फायदा व्हावा लागतो. माणसाला अन्न मिळवायला विषाची गरज पडलेली नाही.

याचा सर्पदंशाशी काय संबंध?

विष ही एकच एक वस्तू नाही, हेच या संशोधनातून दिसते. ते अनेक प्रथिनांचे मिश्रण असते आणि भक्ष्य, परिसर यांनुसार बदलत राहते. नाग आणि मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर, तर घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर परिणाम करते. एकाच प्रजातीच्या सापाचे विषही प्रदेशानुसार वेगळे असू शकते.

भारतात वापरले जाणारे प्रतिसर्पविष, म्हणजेच ‘अँटीव्हेनम’, या चार सापांच्या विषाविरुद्ध घोड्यांच्या शरीरात तयार करून घेतले जाते. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी ओळखली जाते. मात्र त्यासाठी लागणारे विष वर्षानुवर्षे मुख्यतः तमिळनाडूतून येत आले आहे. त्यामुळे दूरच्या प्रदेशातील सापाच्या दंशावर त्याचा परिणाम कमी पडू शकतो. सह्याद्रीतील चापडा तर या चार सापांत मोडतच नाही.

भारतासाठी हा प्रश्न किती मोठा?

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे; म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातील बहुतांश ग्रामीण भागातील. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो यशस्वी व्हायचा तर दवाखान्यात औषध पोहोचण्याबरोबरच ते त्या भागातील सापाच्या विषावर चालणारे असणेही गरजेचे आहे. त्यासाठी प्रदेशनिहाय विषाचा अभ्यास हवा.

तोपर्यंत नियम साधा : साप चावल्यास जखम कापू नये, विष चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव न हलवता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.