दत्तक एंजिन

एकत्र कुटुंबांत मोटार कोणा एकाची नसते. सकाळीं ती मुलांना शाळेंत पोंचविते, दुपारीं बाजार करते, आणि रात्रीं-अपरात्रीं आजीबाईंना दम लागला म्हणजे तीच धांवते. शहरांत ती बंद पडली तर रिक्षा मिळते. परंतु तलासरी तालुक्यांतील उधव्यासारख्या गांवीं तशी सोय कोठली? एका अंगास मुंबई-अहमदाबाद राजमार्ग, दुसऱ्या अंगास दादरा-नगर हवेलीची हद्द, आणि मध्यें विखुरलेले पाडे. मोठ्या दवाखान्यासाठीं तेथून डहाणू, वापी किंवा सिल्वासा गांठावें लागतें. अशा घरच्या मोटारीचें एंजिन निकामी झालें आणि नव्याची किंमत ऐकून कर्त्या पुरुषाचे डोळे फिरले, म्हणजे कोणी तरी सल्ला देतो: "अण्णा, भंगारांत निघालेल्या जुन्या गाडीचें धडधाकट एंजिन मिळतें, तेंच बसवून टाका!" हा सल्ला कितपत घ्यावा, याचा विचार आम्ही या महिन्यांत करणार आहों.

या प्रयोगाचे धडे मोठमोठ्या कारखान्यांनींच घालून दिले आहेत. 1984 सालीं हिंदुस्थान मोटर्सनें काँटेसा ही ऐटदार गाडी बाजारांत आणली. सांगाडा इंग्लंडांतील व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. आंत मात्र अँबॅसडरचें 1489 घनसेंटिमीटरचें जुनेंच एंजिन. सुमारें पन्नास अश्वशक्तीच्या त्या जिवाला तें थोराड शरीर ओढवेना. पुढें इसुझूचें 1.8 लिटरचें एंजिन आलें तेव्हां कोठें गाडीला तेज चढलें. 1985 सालीं मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनें रोव्हर एसडी-1 चें देखणें रूप घेतलें आणि त्यांत जुन्या व्हॅनगार्डच्या वंशांतील एंजिन घातलें. 'स्टँडर्ड 2000' नांवाची ती गाडी थोडक्याच वर्षांत बाजारांतून उठली. उलट, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनें 1985 मध्येंच फियाट 124 च्या जुन्या ठेवणीच्या सांगाड्यांत निस्सानचें एंजिन बसवून '118 एनई' काढली. ती बरीच वर्षें टिकली. नव्या देहांत जुना जीव घालणें हें जुन्या देहांत नवा जीव घालण्याहून अवघड, एवढें यांतून दिसतें.

तरी त्या काळचें एंजिन म्हणजे निव्वळ लोखंडाचें यंत्र होतें. कार्ब्युरेटर हवा व पेट्रोल मिसळी, डिस्ट्रिब्यूटर वेळेवर ठिणगी देई. बोल्ट जुळले, दांडा जुळला, रेडिएटर पुरला कीं काम झालें. 2000 सालापासून आपल्या देशांत धुराचे निर्बंध पायरीपायरीनें कडक होत गेले. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे निकष देशभर लागू झाले. ते पाळण्यासाठीं एंजिनाला डोकें द्यावें लागलें. 'ईसीयू' नांवाची ती लहानशी पेटी दट्ट्या कोठें आहे तें एका सेन्सरकडून जाणून घेते, धुरांत प्राणवायु किती उरला तें दुसऱ्याकडून विचारते, आणि इंधनाची तोटी किती सहस्रांश सेकंद उघडावयाची तें ठरविते. शिवाय ती एकटी राहत नाहीं. बॉश कंपनीनें 1986 सालीं पुढें आणलेल्या 'कॅन' पद्धतीनें, दोन पिळलेल्या तारांवरून, ती ब्रेकच्या, स्टिअरिंगच्या व मीटरच्या पेट्यांशीं क्षणोक्षणीं बोलत असते. किल्लींतही एक चिमुकली चीप असते. तिचा संकेत पटला नाहीं तर इंधन सुटत नाहीं.

अशा घरांत जुनें एंजिन एकटें आणलें तर काय होतें? स्टार्टर फिरतो, पण एंजिन पेटत नाहीं. पेटलेंच तर मीटर स्तब्ध, धोक्याचे दिवे लागलेले, आणि कांहीं गाड्यांत स्टिअरिंगला मिळणारी विजेची मदतही आटलेली. म्हणून एंजिन आणावयाचें तर तें त्याच्या डोक्यासह, त्याच्याच वायरिंगसह, सेन्सरांसह आणि किल्लीसह आणावें लागतें. इंधनपंपाचा दाब त्याला मानवला पाहिजे. अर्थिंगच्या पट्ट्या स्वच्छ लोखंडावर कसल्या पाहिजेत, कारण पावसाळ्यांत गंजलेला एकच जोड सर्व मेहनत मातीस मिळवितो. आणि इतकें करूनही नव्या गाडीच्या पेट्यांना जुन्या डोक्याची भाषा कळत नाहीं. मध्यें दुभाष्याचें काम करणारी पेटी नसेल तर एका म्यानांत दोन तलवारी, अशी गत होते.

आमच्या वाचकांस हें दत्तकविधानाच्या दृष्टान्तानें चटकन् पटेल. मुलगा दत्तक घेतला म्हणजे नुसतें पान मांडून भागत नाहीं. चारचौघांसमक्ष विधि व्हावा लागतो, कागद व्हावा लागतो, नाहीं तर वांटणीच्या दिवशीं खटला उभा राहतो. एंजिनाच्या बाबतींत वांटणीचा दिवस म्हणजे अपघाताचा दिवस. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम सांगतें कीं, उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलांहून नोंदणीपत्रांतील तपशील भिन्न होईल असा फेरबदल मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी 2019 मध्यें हेंच ठणकावून सांगितलें. सीएनजी किंवा विजेवर गाडी चालविण्यासाठीं मान्य संच बसविण्याची मुभा कायद्यांत आहे. परंतु वाटेल तें एंजिन बसविण्याची नाहीं. 2019 च्या दुरुस्तीनें अनधिकृत फेरबदलास, दर फेरबदलागणिक, पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

तेव्हां आमचें मत असें: एंजिन बदलणें भागच असेल तर त्याच कारखान्याचें, त्याच जातीचें व त्याच धुराच्या निकषाचें एंजिन घ्यावें. तें कोणत्या गाडींतून निघालें याची पावती व त्या गाडीच्या नोंदणीपत्राची प्रत मागावी; चोरीचा माल घरांत येऊं नये. परिवहन कचेरीची परवानगी आधीं घ्यावी, नवा क्रमांक नोंदणीपत्रांत चढवून घ्यावा, आणि विमा कंपनीस लेखी कळवावें. सीमेपलीकडची जुनी गाडी स्वस्तांत मिळते म्हणून घेतांना तर एंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणीपत्राशीं स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून पाहावा. तसें एंजिन मिळत नसेल, तर मोटार विकून टाकावी आणि साधी, लहान, पण अस्सल कागदांची दुसरी घ्यावी. त्यांत चार पैसे अधिक जातील; परंतु मध्यरात्रीं आजीबाईंना घेऊन निघालेली गाडी वाटेंत थांबली, तर वांचविलेले पैसे कोणाच्याही उपयोगीं पडावयाचे नाहींत.