न सांगितलेले पाप

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला बसलेली मुले पापनिवेदनाचा पाठ घोकून येतात. त्यांच्या यादीत एक पाप हमखास असते : आईवडिलांचे ऐकले नाही. आठ-नऊ वर्षांचे लेकरू गुडघे टेकून हे सांगते, क्षमा मागते आणि हलक्या मनाने बाकावर परतते. त्याच रांगेत मागे त्याचा बाप उभा असतो. आदल्या रात्री पाढा चुकला म्हणून त्याने त्याच लेकराच्या पाठीवर पट्टी ओढलेली असते. आपल्या निवेदनात तो हे सांगतो का? इतरांचे परमेश्वर जाणे. मी सांगितलेले नाही. मीही दोन मुलांचा बाप आहे. माझाही हात उठलेला आहे, आणि कित्येक वर्षे ते पाप आहे असे मला वाटलेही नाही. त्याला मी ‘वळण लावणे’ म्हणत असे.

ज्या गोष्टीला सदसद्विवेकबुद्धी पाप म्हणत नाही, तिला कायद्याने तरी अन्याय म्हटले पाहिजे. आईवडिलांनी मुलांना मारण्यास कायद्याने मनाई असावी, आणि ही मागणी ख्रिस्ती पालकांनी पुढे होऊन करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या देशात कोणावर हात उगारता येत नाही, ते पाहा. गुन्हेगाराला फटक्यांची शिक्षा देण्याची तरतूद १९५५ च्या कायद्याने रद्द झाली. पत्नीला मारणे हा ‘घरचा मामला’ राहू नये म्हणून २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २०१० पासून शाळेतील शारीरिक शिक्षेस बंदी आहे. अल्पसंख्याकांच्या शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने त्या कायद्याबाहेर राहिल्या खऱ्या. पण आपल्या संस्थांनी घटनेचे संरक्षण छडीसाठी मागितले नव्हते, हे विसरू नये. बालगृहांतील मुलांना २०१५ च्या बालन्याय कायद्याने अभय दिले. चोराला, पत्नीला, विद्यार्थ्याला, अनाथाला अभय मिळाले. उरले ते आईबापांच्या छत्राखालचे मूल!

त्याच्याविषयी कायदा काय म्हणतो? बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्‌हेतूने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, असे जुन्या दंडसंहितेचे ८९ वे कलम सांगत होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा २७ झाला, आशय तोच राहिला. जबर दुखापतीला हे कलम पाठीशी घालत नाही, आणि क्रूर वागणुकीसाठी बालन्याय कायदा आहेच. परंतु चापट, पट्टी, कमरेचा पट्टा यांना ‘सद्‌हेतू’च्या आडोशाला जागा उरते. मारणाऱ्या कोणत्या बापाचा हेतू त्याच्या स्वतःच्या मते वाईट असतो?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पवित्र शास्त्राचा. नीतिसूत्रांच्या ग्रंथात छडी आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात हट्टी, बंडखोर मुलाला गावाच्या वेशीवर धोंडमार करण्याची आज्ञाही आहे. तिचे पालन कोणी करीत नाही; कारण जुना करार आपण ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचतो. मग छडीच्या ओळीपाशी येताच तो प्रकाश का मालवावा? प्रभूने शिष्यांच्या मध्यभागी बालकाला उभे केले ते आदर्श म्हणून. संत पौल इफिसकरांना लिहिताना मुलांना आज्ञापालन सांगतो आणि लगेच बापांना बजावतो की, मुलांना चिडीस आणू नका. आपण पहिला भाग मुलांकडून पाठ करून घेतला. दुसरा आपल्यासाठी होता, तो वाचायचा राहिला.

कोणी पोप फ्रान्सिस यांचा दाखला देतील. ४ फेब्रुवारी २०१५ च्या प्रवचनात त्यांनी एका पित्याची गोष्ट सांगितली. तो मुलांना कधीमधी हलकेच मारीत असे, पण अपमान होऊ नये म्हणून तोंडावर मारीत नसे. पोपमहोदयांनी त्याच्या ह्या जाणिवेचे कौतुक केले. ती श्रद्धेची व्याख्या नव्हती, बोलण्याच्या ओघातील उदाहरण होते. म्हणून आदरपूर्वक विचारावेसे वाटते : मारण्यात अपमान आहे हे त्या पित्याला कळत होते, तर तो अपमान पाठीवर मारल्याने नाहीसा होतो काय? याउलट संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीविषयी लिहिताना मारणे, कान ओढणे, गुडघ्यांवर उभे करणे हे सारे वर्ज्य ठरविले. रस्त्यावर वाढलेली उनाड मुले त्यांच्या हाताखाली होती, आपल्यासारखी दोन-तीन नव्हेत.

दुसरा आक्षेप : ‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ इथे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील पोहण्याचा प्रसंग हमखास आठवतो. पाण्याला भिणाऱ्या श्यामला आईने मारीत विहिरीकडे पिटाळले. पण त्याच आईने अंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामला मनाच्या स्वच्छतेचा धडा दिला, तो एक चापटही न मारता. श्याम घडला तो कशाने? आपणही घडलो असू, तर मारामुळे नव्हे. मारणारे हात एरवी आपल्यासाठी राबत होते म्हणून.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : ‘आईबापांना तुरुंगात धाडायचे काय? पोलिसांना घरात घ्यायचे काय?’ ही भीती खोटी नाही. पोलीस ठाण्याची पायरी गरिबाला किती महाग पडते, हे आपण जाणतो. म्हणूनच कायदा कसा असावा हे सांगणे अगत्याचे आहे. स्वीडनने १९७९ मध्ये जगात प्रथम अशी बंदी घातली, ती दंडसंहितेत नव्हे, तर पालकत्वाच्या कायद्यात. आणि तिच्यासाठी निराळी शिक्षा ठेवली नाही. संसदेत २५९ मते बाजूने पडली, ६ विरुद्ध. मग सरकारने मुले असलेल्या घराघरांत पुस्तिका पोहोचविली, दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला. कायद्याने तेथे बेड्या ठोकल्या नाहीत, शिकविले. पुढे कॅथलिक परंपरेच्या ऑस्ट्रियाने १९८९ मध्ये, पोलंडने २०१० मध्ये, आयर्लंडने २०१५ मध्ये मारण्यास मनाई केली. तेथील कुटुंबसंस्था काही ह्या कायद्याने कोसळली नाही.

आपल्याकडेही कलम २७ मधून मारण्याची मुभा स्पष्ट शब्दांत वगळावी, बंदी कुटुंबविषयक कायद्यात लिहावी, आणि हलक्या प्रसंगी चौकीऐवजी समुपदेशन असावे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर रोमच्या धर्मपीठाने १९९० मध्ये आणि भारताने १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उमटविली. आईबापांच्या हाताखालीही मूल शारीरिक हिंसेपासून सुरक्षित असावे, असे त्याचे १९ वे कलम सांगते. दिलेला शब्द पाळावा, इतकीच ही मागणी आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर धर्मग्रामातील लग्नपूर्व शिबिरांत आणि कौटुंबिक मेळाव्यांत हा विषय निघाला पाहिजे. येत्या उपवासकाळात पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहाल, तेव्हा पुढे उभ्या असलेल्या आपल्या लेकराकडे एकदा पाहा. ते आपले पाप सांगणार आहे. आपणही आपले सांगावे. आणि घरी गेल्यावर त्याचीही क्षमा मागावी.