पनवेलला बस आहे, पण पनवेलची बस नाही

परवा संध्याकाळी पनवेल स्टेशनबाहेर उभा होतो. बस आली. एक आजी, हातात भाजीची पिशवी, पहिल्या पायरीवर पाय टाकायला गेल्या आणि जमेना. मागून गर्दीचा रेटा, आतून "चला, लवकर चढा". शेवटी कॉलेजातल्या एका पोराने दंडाला धरून त्यांना वर घेतलं. चिडलं कोणीच नाही, कारण सगळ्यांना याची सवय झाली आहे. बसची पायरी उंचच असते, असं आपण धरून चाललोय.

मंडळी, ती उंचच असते असं नाही. ती उंच ठेवलेली असते.

आपल्याकडे वर्षानुवर्षं बस म्हणजे ट्रकच्या चासीवर चढवलेली बॉडी. चासी माल वाहायला बनवलेली, म्हणून उंच. त्यावर माणसं बसवली, त्यांना चढायला पायऱ्या लावल्या, झाली बस. शहरी बस कशी असावी याचे निकष केंद्र सरकारने २००८च्या सुमारास केले. त्यात मजल्याच्या तीन उंच्या आहेत: ४०० मिलिमीटर, ६५० आणि ९००. चारशेची बस म्हणजे फुटपाथवरून सरळ आत पाऊल. नऊशेची म्हणजे आजींची कसरत. यातली कोणती घ्यायची हे कंपनी ठरवत नाही. जो विकत घेतो किंवा भाड्याने आणतो, तो ठरवतो.

आता फ्रान्सचं एक उदाहरण देतो. "कुठे फ्रान्स, कुठे पनवेल" असं म्हणणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

साठच्या दशकात पॅरिस आणि इतर फ्रेंच शहरांच्या बससेवा एकत्र बसल्या आणि आम्हाला कशी बस हवी हे त्यांनी कागदावर उतरवलं. दरवाजे रुंद, मजला खाली, ड्रायव्हरला समोरचं स्वच्छ दिसेल अशी मोठी काच. मग कंपन्यांना सांगितलं, अशी बनवा. त्यातून १९६५ मध्ये साविएम कंपनीची एससी-१० आली. बर्लिए या दुसऱ्या कंपनीनेही त्याच निकषांवर आपली बस काढली. एससी-१० पुढे १९८९ पर्यंत बनत राहिली, सुमारे ११ हजार गाड्या निघाल्या. तिच्यामागून १९८७ मध्ये रेनॉची आर-३१२, १९९५ मध्ये आगोरा, २००५ मध्ये सितेलिस. आनोने नावाच्या छोट्या गावातल्या कारखान्यात हे खानदान वाढलं. मजला पिढीगणिक खाली येत गेला आणि आगोरात पायरीच गेली. कंपन्यांची नावं बदलली, मालक बदलले, पण दिशा बदलली नाही, कारण मागणी करणारं गिऱ्हाईक जागं होतं.

आपल्याला हे जमणारच नाही असं काही नाही. एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर धावली. पुढे दापोडी, औरंगाबाद, नागपूरच्या कार्यशाळांत एसटीचेच कामगार बॉडी बांधायचे. चासी कंपनीची, बॉडी आपली. तो लाल डबा कितीही खडखडला तरी खिडकी कुठे आणि सीट किती हे आपला माणूस ठरवत होता. आता तयार गाड्या आणि भाड्याच्या गाड्यांचा जमाना आहे. भाड्याला माझा सरसकट विरोध नाही. पण २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने हात वर केले आणि मुंबईत बेस्टच्या ताफ्यातल्या त्याच्या मिनीबस बंद पडल्या, हे विसरू नका. गाडी भाड्याची चालेल, अक्कल भाड्याची चालत नाही.

आता पनवेल. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली. जुनी नगरपरिषद, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावं मिळून ११० चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेतच या हद्दीत पाच लाखांवर लोक होते, आज किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. इतकी वर्षं झाली, पालिकेची स्वतःची परिवहन सेवा नाही. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, सगळीकडे बस धावते ती एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई महापालिकेची. त्यांचे उपकारच आहेत, नसती तर आपण पूर्णपणे रिक्षा आणि इकोवाल्यांच्या हवाली झालो असतो. पण बस कोणती, मार्ग कोणता, रात्री शेवटची फेरी किती वाजता, हे ठरवणारे लोक वाशी-नेरूळचे. आपण मत देतो पनवेलला, बसचा निर्णय होतो नवी मुंबईत. मालमत्ता कराचं बिल मात्र बरोब्बर आपल्या पत्त्यावर येतं.

"बससेवा तोट्यात जाते" हे ठरलेलं उत्तर. जाते ना. उड्डाणपूल नफ्यात जातो का? रस्त्यावरचा दिवा रोज गल्ला भरून आणतो का? तो खर्च असतो, तोटा नसतो. बसच्या वाट्यालाच हा शब्द का? कारण बसमध्ये बसणारा फाइलवर सही करत नाही.

बरं, एकट्याने झेपत नसेल तर भागीदारी करा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडने २००७ मध्ये आपल्या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल काढली. तिथेही रडगाणी आहेत, पण दोन्ही पालिका पैसे देतात आणि दोघींना बोलायचा हक्क आहे. आपल्यालाही हाच मार्ग मोकळा आहे: एनएमएमटीच्या तुटीत वाटा उचला आणि टेबलावर खुर्ची मागा. नाहीतर वसई-विरारसारखी स्वतःची सेवा काढा. ती महापालिकाही २००९ चीच, फार जुनी नाही.

८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. आनंद आहे. पण त्या विमानतळावर झाडू मारायला, सामान उचलायला, पहारा द्यायला जी पोरं जाणार आहेत ती टॅक्सीने जाणार नाहीत.

२०२२ पासून पालिकेत प्रशासक होते. उमेदवार दारात आले की चहा जरूर पाजा आणि तीनच प्रश्न विचारा. पनवेलच्या बसचा निर्णय पनवेलमध्ये कधी होणार? त्यासाठी बजेटमध्ये किती ठेवणार? आणि बसचा मजला किती मिलिमीटरचा मागणार?

तिसऱ्या प्रश्नावर तो गोंधळला, तर समजा की साहेब बसने कधी फिरलेलेच नाहीत.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी एकदा संध्याकाळी सहाला स्टेशनबाहेर उभे राहून या.